बॉनेटवरचा हात

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं नेहमीचं काम म्हणजे भांडण. गौतमपुऱ्याहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, देपालपूरच्या पुढे. विषय होता एका पांढऱ्या गाडीचं बॉनेट. ते गरम होतं ते उन्हाने की इंजिनाने.

मी म्हणत होतो ऊन. माझी बायको कमल म्हणत होती इंजिन. देपालपूरच्या स्टँडवर तिने हरभऱ्याचे डहाळे घेतले होते. ते मांडीवर ठेवून ती सोलत होती, चार दाणे माझ्या हातावर टाकत होती आणि भांडत होती. एका कामामुळे दुसरं अडत नव्हतं.

"गाडी शेडमध्ये होती," ती म्हणाली. "शेडमध्ये ऊन कुठून आलं हो मिस्त्री?"

"आधी बाहेर उभी असेल."

"आधी बाहेर उभी होती की आधी चालू होती?"

मी म्हटलं, चाळीस वर्षं मी इंजिन ऐकतो आहे, आवाज साफ होता. ती म्हणाली, "साफ असणारच. आपण जायच्या आधी तिला चहापाणी झालं होतं. उद्या सकाळी परत जा. न सांगता जा. थंड बघा आणि मग त्या पोरीला हो म्हणा."

मी म्हटलं, बघू. आणि उरलेले दाणे तोंडात टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गौतमपुऱ्याला गेलो नाही. पहाटे कमलच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. दिवाळी अंकवाल्यांनी मला धंद्यावर लिहायला सांगितलं आहे. पण धंद्यावर लिहायचं तर कमलला बाजूला ठेवता येत नाही, कारण अर्धा धंदा तिचा होता. हे मी ती असताना कोणाला सांगितलं नाही. तिलाही नाही.

माझं शिक्षण सहावी. आजोबा महूला फौजेत होते, वडील परदेशीपुऱ्यात मिलमध्ये, आणि मी मिलच्या भिंतीला लागून असलेल्या गॅरेजमध्ये. हे लिहिलेलं सूनबाईने तपासून दिलं आहे. तिने अक्षर सुधारलं, माझी मतं सुधारलेली नाहीत.

गाड्या दुरुस्त करणारे इंदूरमध्ये शेकड्याने सापडतील. माझं नाव झालं ते जुनी गाडी पारखण्यात. लोक यायचे, "मिस्त्रीजी, एक गाड़ी देखनी हे, चलोगे क्या?" पैसेवाले येत नाहीत हो. पैसेवाला शोरूममध्ये जातो. माझ्याकडे येणारा म्हणजे पहिल्यांदाच चारचाकी घेणारा. बायकोचे दागिने, भिशीचा नंबर, कुठून कुठून गोळा करून आलेला. त्याची गाडी फसली तर त्याच्या हातात दुसरी गाडी नाही. पुन्हा स्कूटरवर चौघं.

असा माणूस काय बघतो? रंग बघतो. सीटचं कव्हर बघतो. गाणी लावून बघतो. आणि विकणारा म्हणतो, "भिया, मक्खन हे मक्खन, एक हाथ चली हे, डॉक्टर की गाड़ी हे." मी आजपर्यंत बघितलेल्या गाड्यांपैकी निम्म्या डॉक्टरांच्या निघाल्या. एवढे डॉक्टर असते तर इंदूरमध्ये कोणी आजारी पडलं नसतं.

बाहेरच्यांना सांगतो, मी काय बघतो. मीटरवर मी विश्वास ठेवत नाही, तो मागे फिरवता येतो. ब्रेकच्या पेडलचं रबर बघतो. मीटर म्हणतो गाडी थोडीच चालली आणि रबर झिजून आरसा झालाय, म्हणजे दोघांपैकी एक खोटा आहे, आणि रबराला खोटं बोलता येत नाही. दाराच्या कडेचं रबर ओढून आतला पत्रा बघतो. कंपनीने जोडलेल्या पत्र्यावर गोल ठिपके असतात, एका अंतरावर, टाके घातल्यासारखे. ठिपके गायब असले म्हणजे गाडी ठोकलेली आहे आणि कोणीतरी तिला नवा पत्रा शिवला आहे. खिशात लहान चुंबक ठेवतो. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघतो. मग शेवटी इंजिन.

आणि इंजिन थंडच बघायचं. आजारी इंजिन गरम झालं की तासभर बऱ्या माणसासारखं वागतं. त्याचं दुखणं दिसतं ते सकाळी, रात्रभर उभं राहिल्यावर, पहिल्या चावीला. म्हणून हुशार विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी फिरवून आणतो. कमल गाडीजवळ गेली की पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवायची, पोरांच्या कपाळावर ताप बघायला ठेवतो तसा. गरम लागलं की माझ्याकडे बघायची.

ती यायला लागली त्याचं कारण साधं होतं. गाड्या बघायचं काम रविवारी. एका रविवारी म्हणाली, "तुम्ही लोकांच्या गाड्या बघता, मी घराच्या भिंती बघते. मलाही न्या." नेली. मला वाटलं, कंटाळून बंद करेल. ती शेवटपर्यंत आली.

तिच्या कामाचे दोन भाग होते. एक, मागच्या सीटवर बसणं. मी पुढे बसून गाडी चालवून बघायचो, ती मागे. आणि दुसरं, पाणी मागणं. गाडीवाल्याशी मी बोलत असलो की ही घरात जायची, "ताई, जरा पाणी मिळेल का?" म्हणून. पाण्याबरोबर बसायला मिळतं, बसल्यावर चहा होतो, चहा होईपर्यंत बाई बोलते. गाडीवाला अंगणात मला सांगत असायचा, गाडी कधी बंद पडली नाही. आत त्याची बायको सांगत असायची, मागच्या राखीला माहेरी पोचलेच नाही हो, रस्त्यात चार तास उभे होतो.

तिच्या नाकाची एक गोष्ट सांगतो. एक गाडी आली, चकाचक, नवीन सीट कव्हर, आत अत्तर मारलेलं. मला इंजिन पसंत पडलं, पत्रा पसंत पडला. कमल मागे बसली आणि दोन मिनिटांत उतरली. माझ्या कानाशी म्हणाली, "ओल्या गोधडीचा वास येतो." मी म्हटलं, अत्तराचा येतो. ती म्हणाली, "अत्तराच्या खाली." मी मागचा सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला, शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेला गाळ होता. ती गाडी कुठल्यातरी पुरात बुडून आलेली होती. धुतली सगळी, पण बेल्ट पूर्ण ओढून कोण धुतो? तेव्हापासून मी प्रत्येक गाडीचा बेल्ट ओढतो आणि गिऱ्हाइकांना वाटतं ही माझी युक्ती आहे. मी तसं वाटू दिलं.

नमुनेही भेटले. रामबागेतले एक रिटायर्ड साहेब होते, शुद्ध मराठी बोलणारे. त्यांनी माझ्याकडून सात गाड्या तपासून घेतल्या. प्रत्येक वेळी वहीत लिहायचे. सातवी गाडी खरोखर उत्तम होती. मी म्हटलं, डोळे मिटून घ्या. ते म्हणाले, "मिस्त्री, गाडी उत्तम आहे यात शंका नाही. पण आता मला इतकी माहिती झाली आहे, की गाडी चालवायची भीती वाटते." त्यांनी सायकल घेतली. दिवाळीला मिठाई मात्र घेऊन आले, सायकलवरून.

आता माझी चूक. ती लिहिली नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

दिनेश नावाचा माणूस होता, आमच्याच गल्लीतला. शाळेची पोरं ने-आण करायला त्याला व्हॅन घ्यायची होती. त्याच्या आधीच्या आठवड्यात एका विकणाऱ्याने आम्हा दोघांना बघून चार माणसांत म्हटलं होतं, "उस्ताद, गाड़ी देखने आए हो कि पिकनिक पे?" सगळे हसले. कमलही हसली. मला लागलं. म्हणून दिनेशची व्हॅन बघायला मी एकटा गेलो. तिला सांगितलं, तुला त्रास होईल, लांब आहे. लांब नव्हतं.

व्हॅन एक नंबर होती. मी थंड बघितली, पत्रा बघितला, सगळं. हो म्हटलं. दिनेशने पैसे दिले. महिन्याभरात विकणाऱ्याचा थोरला भाऊ पोलिसांना घेऊन आला. गाडी थोरल्याच्या नावाची, थोरल्याची सही धाकट्याने ठोकलेली. त्या घरात दोन चुली होत्या आणि भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते. मी अंगणात उभा राहून इंजिन ऐकत होतो. आत पाणी मागायला कोणी गेलं असतं तर दोन चुली दिसल्या असत्या. दिनेशची व्हॅन ठाण्याच्या आवारात उभी राहून सडली. तो आजही भेटला की जय भीम करतो, चांगलं बोलतो. मला ते शिवी दिल्यापेक्षा जास्त लागतं.

कमल मला फक्त एवढंच म्हणाली, "मला का नेलं नाही?" पुढच्या रविवारपासून ती परत यायला लागली, आणि मग पिकनिक म्हणणाऱ्याला मी उलट म्हणायचो, हो, पिकनिक, तुमच्या घरी चहा आहे ना?

आता ती पांढरी गाडी. वर्षा नावाची मुलगी, एका खाजगी शाळेत शिकवते, आमच्या मागच्या गल्लीत राहते. घरात ती आणि आई. आईचं डावं अंग लकव्याने गेलेलं. डॉक्टरने सांगितलं, आठवड्यात तीनदा व्यायामाला आणा, न चुकता आणा, तर चालतील. स्कूटरवर आई बसू शकत नाही. ऑटोवाला गल्लीत येत नाही, आला तर बाईंना चढवायला वेळ लागतो म्हणून कुरकुरतो. वर्षाला एक लहान गाडी हवी होती, स्वस्त, पण भर रस्त्यात आईला घेऊन बंद पडणार नाही अशी. गौतमपुऱ्याच्या एका मास्तरांची गाडी विकायला आहे असं तिला कळलं. त्या रविवारी आम्ही दोघं तीच बघून आलो होतो. मास्तरांच्या घरी तेव्हा बायका लग्नाला गेल्या होत्या, त्यामुळे कमलला आत जाता आलं नव्हतं. तिच्याकडे होता तो फक्त बॉनेटवरचा हात.

कमलच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वर्षा आली, वरण वाढू लागली, गाडीचा विषय काढला नाही. महिन्याने काढला. मी म्हटलं, दुसरा मिस्त्री बघ, मी काम सोडलं. ती गेली. नंतर पुन्हा एकदा आली, तेव्हाही मी तेच सांगितलं, जरा जोरात. खरं सांगायचं तर मला ते बॉनेट पुन्हा बघायचं नव्हतं. ऊन निघालं तर कमल चुकलेली निघणार. इंजिन निघालं तर मी तिच्याशी शेवटचं भांडलो ते चुकीचं भांडलो. दोन्हीपैकी काहीच मला कळायला नको होतं.

एप्रिलच्या एका संध्याकाळी ती तिसऱ्यांदा आली. बसली नाही, दारातच उभी राहिली.

"काका, आईच्या व्यायामाच्या या महिन्यात पाच खेपा चुकल्या. हात पुन्हा आखडायला लागलाय. मी दुसऱ्या दोन गाड्या बघितल्या, दोन्ही गरम होत्या."

मी विचारलं, "तू हात लावून बघितलास?"

"काकू लावायच्या तसा. आणि मास्तरांची अजून विकली गेली नाही. काकू मला म्हणाल्या होत्या, थंड बघितल्याशिवाय घेऊ नको."

"कधी म्हणाली?"

"त्याच दिवशी. तुम्ही बसमधून आलात ना, नंतर त्या डहाळे द्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, मिस्त्री उद्या सकाळी परत जाणार आहेत."

मला हे माहीत नव्हतं. मी बसमध्ये फक्त बघू म्हटलं होतं, आणि तिने माझ्या वतीने शब्द देऊन टाकला होता. मुलीला बसायला सांगितलं. मग म्हटलं, "उद्या सकाळी. पहिल्या बसने. मास्तरांना फोन करू नकोस."

कमलने सांगितलेली ती उद्याची सकाळ यायला अडीच महिने लागले.

दुसऱ्या दिवशी मी चुंबक खिशात टाकलं, सूनबाईला सांगितलं की पोळ्या नको, आणि वर्षाबरोबर निघालो. बसमध्ये खिडकीची जागा रिकामी ठेवली. वर्षा मागच्या सीटवर बसली. गौतमपुऱ्यात पोचलो तेव्हा मास्तर दात घासत होते. मला बघून ब्रश तसाच तोंडात राहिला.

"अरे मिस्त्रीजी, आप? ऐसे बिना बताए?"

"बिना बताए ही देखनी थी," मी म्हटलं.

गाडी त्याच शेडमध्ये. मी बॉनेटवर तळहात ठेवला. थंडगार. रात्रीची धूळ हाताला लागली. मास्तरांकडून चावी घेतली आणि फिरवली. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही, बॅटरी कुंथली. तिसऱ्यांदा धरली आणि मागून निळा धूर निघाला, गावरान चुलीसारखा.

वर्षाचं तोंड उतरलं. मी म्हटलं, थांब, घड्याळ बघ. अर्ध्या मिनिटात धूर संपला. रेस दिली, परत आला नाही. याला अर्थ असतो. रेस दिल्यावरही निळा धूर येत राहिला तर इंजिन आतून गेलं, हात जोडून निघून यायचं. सुरू करताना एक लोट येऊन थांबला तर वॉल्व्हची लहान रबरी सील वाळली आहेत, रात्रभर तेल थेंब थेंब आत उतरतं. लहान काम नाही, पण मोठंही नाही. गाडी मरत नाही त्याने.

म्हणजे बॉनेट इंजिनानेच गरम होतं. पण मास्तर लबाड आहेत की नाही, हे अजून कळायचं होतं. दुसरं काय काय झाकलं आहे, हे इंजिन सांगत नाही. मी अंगणात उभा राहिलो. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि आत पाणी मागायला जाणारं कोणी नव्हतं. वर्षाला पाठवता आलं असतं. मग मला दिनेश आठवला. तेव्हा आत न जाणारा मीच होतो.

मी चप्पल काढली आणि दारात जाऊन म्हटलं, "भाभीजी, थोड़ा पानी मिलेगा?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मास्तरीणबाईंनी तांब्या दिला आणि माझ्या मागे बघितलं. "मास्टरसाब कह रहे थे आपकी घरवाली भी साथ आती हे. नी आई?"

परक्या माणसाला मी ते तोपर्यंत सांगितलं नव्हतं. सांगितलं. त्यांनी पाट पुढे सरकवला आणि चहा ठेवला. मग चहाकडे बघतच म्हणाल्या, "धुआं देखा ना? उस दिन आपके आने से पहले इन्होंने तीन बार चलाई थी। मैंने कहा था, मत करो, लाज जाएगी। बोले, पहले ही जाएगी तो गाड़ी कौन लेगा। रोज सुबे मेरे पापड़ पे धुआं छोड़ते हें, रोज लड़ती हूं।"

"और कुछ हे क्या भाभीजी, जो मुझे मालूम होना चइये?"

त्यांनी विचार केला. अपघात नाही. पुरात नाही. कागद मास्तरांच्या नावावर, मुलगा एकच, पुण्यात नोकरीला, त्याला गाडी नको. पावसाळ्यात डाव्या दारातून पाणी येतं. "बस. बाकी गाड़ी अच्छी हे भाईसाब। मेरे को तीन बार अस्पताल इसी ने पोचाया।"

मी बाहेर आलो आणि मास्तरांना तोंडावर सांगितलं, तुम्ही गाडी गरम करून ठेवली होती. मास्तरांनी खाली बघितलं. घराच्या दारातून बाई म्हणाल्या, "मैंने बता दिया।" त्यानंतर भाव ठरायला वेळ लागला नाही. सील, बॅटरी आणि दाराचं रबर यांचं काम मास्तरांच्या खिशातून जाणार, एवढं ठरलं.

एक फेरी मारून बघायची राहिली होती. वर्षा गाडी चालवायला बसली, मास्तर तिच्या शेजारी. मी सवयीने पुढचं दार धरलं होतं, ते सोडलं आणि मागे जाऊन बसलो. चाळीस वर्षांत मी कधी मागे बसलो नव्हतो. मागे बसल्यावर इंजिन जवळपास ऐकूच येत नाही. दुसरंच काही ऐकू येतं. खिडकीची काच, सीटखालचा पत्रा, चाकं. गावाबाहेर वर्षाने जरा वेग घेतला तशी माझ्या डाव्या बाजूला खालून बारीक घूं घूं सुरू झाली, आणि वळणावर वाढली.

मी म्हटलं, "थांबव गं. मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग आवाज करतंय. तेही लिहून घे."

वर्षाने आरशातून माझ्याकडे बघितलं. "मला तर काहीच ऐकू येत नाही, काका."

"पुढे बसून येत नाही," मी म्हटलं.